रविवारची दुनळी

रविवार, २२ जून २००३

आजपासून नोंदी ठेवण्याचे ठरवले आहे. एखादा प्रश्न सुटत नसेल तर बहुधा तो नीट मांडलेलाच नसतो, असे मी अकरावीच्या मुलांना दरवर्षी सांगतो. तेव्हा आधी मांडणी.

माझे वडील, सुभेदार पिराजी, ज्यांना आम्ही घरात आबा म्हणत असू, गेल्या महिन्यात वारले. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून ते हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावीच राहत. त्यांच्यामागे तिथे आता माझी आई, विठाबाई, एकटी आहे. आणि एक दुनळी बंदूक आहे. अधिक काटेकोरपणे लिहायचे तर बंदूक तिथे नाही, ती हातकणंगल्याच्या पोलीस ठाण्यात जमा आहे, कारण परवानाधारक वारल्यावर शस्त्र घरात ठेवता येत नाही. वारसाने एक तर स्वतःच्या नावे परवाना काढावा, नाहीतर ज्याच्याकडे परवाना आहे अशा माणसाला ते विकावे. तिसरा मार्ग सरकारजमा करण्याचा आहे. तो आईला केवळ माहितीसाठी सांगितला, तर तिने माझ्याकडे असे पाहिले की मी तो पुन्हा उच्चारला नाही.

निर्णय घ्यायचा आहे तो मला. माझी पात्रता अशी: राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, सकाळी कनिष्ठ महाविद्यालयात आणि संध्याकाळी क्लासमध्ये पदार्थविज्ञान शिकवतो, दर पौर्णिमेला विहारात प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे शील ग्रहण करतो, आणि स्वयंपाकघरात झुरळ दिसले की पत्नीला, म्हणजे मीनाला, हाक मारतो. बंदूक मी आयुष्यात एकदाच उडवली. सतरा वर्षांचा होतो. आबांनी ‘खांद्याला घट्ट लाव’ असे बजावले होते. मी ते सैल अर्थाने घेतले आणि मागच्या उकिरड्यात जाऊन बसलो. न्यूटनचा तिसरा नियम मी इतरांपेक्षा चांगला शिकवतो असे मुले म्हणतात. त्याचे मूळ त्या उकिरड्यात आहे.

आजवर गावी जाणे चौदा एप्रिल, दिवाळी आणि आबांचा दवाखाना एवढ्यापुरतेच होई. क्लासमुळे सवड नसते. आता या कामासाठी काही रविवार मोडावे लागतील, असे आईला सांगितले.

“मोड की,” ती म्हणाली.

बुधवार, २ जुलै

तक्ता तयार केला. डावीकडे ‘ठेवावी’, उजवीकडे ‘विकावी’. प्रत्येक मुद्द्याला महत्त्वानुसार गुण. आबांची स्मृती, घराण्याचा मान, शील, सुरक्षितता, देखभाल, कायद्याची कटकट, संघप्रियाचे वय (मुलगी यंदा दहावीला आहे, आणि तिला कशालाही हात लावून पाहण्याची सवय आहे). बेरीज केली तर दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. गुण पुन्हा दिले, तरी बरोबरीतच. मीना, जी परिचारिका आहे, इस्पितळातली पाळी संपवून आली आणि तिने उभ्याउभ्याच तो कागद वाचला.

“यात सासूबाईंचा रकाना कुठाय?”

मी समजावले की आई ही या प्रयोगात निरीक्षक आहे. निरीक्षकाला गुण देऊन चालत नाही, निष्कर्ष कलतो. मीना हसली आणि भाजी टाकायला गेली. वैद्यकीय क्षेत्रात राहूनही तिला पद्धतशीरपणाचे तितकेसे आकर्षण नाही.

रविवार, ६ जुलै

बंदूक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तिच्याविषयी मत बनवणे अशास्त्रीय, म्हणून आधी ठाण्यात गेलो. मुद्देमाल सांभाळणारे हवालदार सयाजी म्हणून आहेत, सज्जन गृहस्थ. त्यांनी कपाटातून ती काढून टेबलावर ठेवली. आबांच्या हाताने दस्त्याचे लाकूड एका जागी गुळगुळीत झाले आहे.

गेले चार दिवस मी ग्रंथालयातून पुस्तके आणून या विषयाचा अभ्यास केला आहे, आणि विषय किती रंजक आहे म्हणून सांगू! दोन नळ्यांची तोंडे सारखी नसतात. एक किंचित आवळलेली असते, म्हणजे छर्रे लांबवर एकत्र राहतात. दुसरी मोकळी, म्हणजे ते जवळच पसरतात. बागेला पाणी घालताना आपण नळीचे तोंड अंगठ्याने दाबतो ना, तेच तत्त्व. हे मी सयाजींना टेबलावरच्या कागदावर आकृती काढून दाखवले. आकृती रंगात आली असताना ते नम्रपणे म्हणाले, “सर, मागं लाईन हाय.” मागे खरोखरच चार माणसे होती. त्यांतल्या एकाची म्हैस चोरीला गेली होती, आणि तोही ऐकत होता.

दुपारी घरी. आईने भाकरी, खरडा, आणि मला आवडते म्हणून वरण्याची उसळ केली होती. जेवताना तिला सरळ विचारले. ती म्हणाली, ठेव. तुझ्या बापाची वस्तू हाय, दुसऱ्याच्या खुंटीला कशाला?

म्हणजे प्रश्न सुटला. एकाच रविवारी! तक्त्यात ‘स्मृती’ला मी कमी गुण दिले होते, हे उघड आहे.

रविवार, १३ जुलै

आषाढी पौर्णिमा, वर्षावास सुरू झाला. सकाळी आईबरोबर गावच्या विहारात वंदनेला गेलो. गावात मी अजून ‘परसू’च आहे. धर्मांतरानंतर गावात जन्मलेले पहिले मूल म्हणून आबांनी मोठ्या हौसेने प्रसेनजीत हे नाव ठेवले. गावाने ते आठवड्याभरात वापरायच्या मापाचे करून घेतले.

परवान्याच्या अर्जात ‘शस्त्र कशासाठी हवे’ अशी एक ओळ असते. त्या ओळीला मी चार पानांची पुरवणी जोडली आहे. त्यात सैनिकी परंपरा, नागरिकाचे हक्क आणि शस्त्र बाळगूनही अहिंसक राहण्यातली नैतिक उंची यांची क्रमवार चर्चा आहे. आईला वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग चहा ठेवला आणि म्हणाली, ते उंचीचं होतं ते परत वाच. आईला अशा विषयात इतका रस असेल याची मला कल्पना नव्हती. शिक्षण अर्धवट राहिलेल्या पिढीची भूक काय असते, ते आज पाहिले.

निघण्याच्या बेतात असताना ती म्हणाली, “तुझ्या घरात पोरगी हाय. वरती घेतलीस आन् तिनं हात लावला म्हंजे?”

हा मुद्दा तक्त्यात आहेच, असे मी सांगितले. मग विकायची का?

“तसं कुठं म्हनलं मी? पुढल्या रविवारी येतोस न्हवं. बघू की.”

रविवार, २७ जुलै

मधल्या रविवारी विशेष काही घडले नाही. आईने सगळे पुन्हा पहिल्यापासून समजून घेतले एवढेच. या आठवड्यात मात्र मी शहरातल्या एका शस्त्रविक्रेत्याशी बोलून सर्व पक्के केले. वस्तू पाहून तो घ्यायला तयार आहे, कागदपत्रेही तोच करणार. हा उपाय इतका सुटसुटीत होता की येताना स्कूटरवर मी चक्क गुणगुणत होतो.

आईने ऐकून घेतले. मग विचारले, दुकानदार ती कुणाला विकणार? मी म्हटले, जो परवानाधारक घेईल त्याला. ती म्हणाली, म्हंजे कुणालाबी. माणूस बघून द्यायची वस्तू ती, दुकानात टाकायची न्हवं.

तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते समजण्यासाठी आबांची एक पद्धत सांगायला हवी. वर्षातून एकदा, अशोक विजयादशमीला, विहारातून आल्यावर आबा घरापुढच्या कट्ट्यावर पोते अंथरत आणि बंदूक सुटी करून दुपारभर साफ करत. नळीत घालायची ठासणी, तेल, जुन्या धोतराचे फडके. घरात जागा होती. पण ते कट्ट्यावरच बसत, कारण संध्याकाळी सोने लुटायला निघणारे सारे गाव त्याच रस्त्याने जाई. पाटलांच्या घरचेही. आबा कुणाशी बोलत नसत, वर बघत नसत, नळीतून आरपार उजेड तेवढा पाहत. ज्या वस्तीतल्या माणसाने एकेकाळी त्या मिरवणुकीपुढे वाट झाडायची, तिथे एक माणूस पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात बसून आपली वस्तू पुसतो आहे, आणि साऱ्या गावाला ते बघत जावे लागते! बंदूक आबांनी कधी कुणावर रोखली नाही. ती त्यांचे भाषण होती, वर्षातून एकदा केलेले, एकही शब्द नसलेले. (हा भाग मी आईला उभा राहून समजावला. पुढेमागे एखाद्या मासिकाला पाठवता येईल.)

आई ऐकत होती. म्हणाली, “व्हय. आन् मी आतनं च्या करून द्यायची. चार-चार येळा.”

तो तपशील लेखात घेण्याजोगा नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

आज जाणार नव्हतो, जादा तास ठेवला होता. सकाळी शेजारच्या तानाबाईंच्या घरून फोन: “परसू, तुझी आई म्हंत्या, बंदुकीचं अर्जंट हाय.” ठाण्यातून काही नोटीस आली असेल या भीतीने तास रद्द केला, मुलांचा जल्लोष ऐकला आणि भर पावसात निघालो.

घरी पोहोचलो तर आई उंबऱ्यातच उभी. अर्जंट काय? तिने विचारले, उकाड्यापावसात ती कपाटात राहिली तर लाकडाला काही होईल का? मी ओल्या कपड्यानिशी लाकडाची आर्द्रता शोषण्याची क्षमता समजावली. आईने डोके पुसायला टॉवेल दिला. आत पाहिले तर दोन ताटे वाढून ठेवली होती. बहुधा ती कुणाची तरी वाट पाहत असावी. कुणीच आले नाही, तेव्हा दुसऱ्या ताटावर मी बसलो.

मनात एक शंका येते, ती इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. आबा गेल्यापासून आईच्या विचारांत सुसंगती राहिलेली नाही. पूर्वी ती झटकन ठरवणारी बाई होती. आता एका मुद्द्यावर टिकत नाही. वयाचा परिणाम असावा. मीनाला हे सांगितले, तर ती म्हणाली, “तुमची नाडी बघू?”

रविवार, १७ ऑगस्ट

उत्तम ग्राहक मिळाला! गावच्या पाटलांच्या घरातला उदयसिंह. दुधाचा व्यवसाय करतो, वय पस्तिशीचे, वागायला मोकळा, आणि परवाना आधीपासूनच आहे. तो कोल्हापुरात क्लासवर येऊन मला भेटला. त्याला हीच बंदूक हवी आहे. लहानपणी दसऱ्याला तो आमच्या कट्ट्यासमोर उभा राहून बघायचा म्हणे, आणि घरचे त्याला दंडाला धरून ओढत न्यायचे.

माणूस पाहून द्यायची, तर माणूस दिसला. आईला सांगितले. तिने बराच वेळ तांदूळ निवडले.

“घेनार आसंल तर घरी यावं त्यानं. बसावं. च्या घ्यावा. तुझ्या किलासात कशाला भेटतोय?”

या अटीमागचा इतिहास मला समजतो. त्यावर मी तिला काही सांगण्याची गरज नव्हती, तरी सांगितले. उदयसिंहाला निरोप दिला. तो म्हणाला, येतो की सर, पण दोन रविवार थांबा, गणपतीची धांदल आहे. आईला कळवले. तिची काहीच हरकत नव्हती. आश्चर्य म्हणजे ती जरा खूशच वाटली.

रविवार, ७ सप्टेंबर

उदयसिंह आला. दारात चपला काढल्या, “जय भीम काकू” म्हणाला, आणि आबा बसत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. मी परवान्याच्या हस्तांतराची कलमे क्रमाने सांगण्याची तयारी करून आलो होतो, पण आईने चहा पुढे केला आणि माझ्या पहिल्या कलमाच्या आधीच बोलली.

“तुझ्या आज्यानं अर्ज केलता. ह्येंना बंदूक देऊ नगा म्हनून. म्हाईत हाय तुला?”

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. भौतिकशास्त्रात अशा क्षणांसाठी सूत्र नाही.

उदयसिंहाने कप खाली ठेवला नाही. म्हणाला, “म्हाईत हाय, काकू. घरात सांगत्यात. फुशारकीनंच सांगत्यात, लाज न्हाय त्यास्नी.”

“आन् तुला?”

“हाय की. म्हनून तर मागाय आलोय.”

आईने त्याला पाहून घेतले, वरपासून खालपर्यंत, बाजारात खोंड बघतात तसे. मग म्हणाली, “आर्दा कप दिऊ आनखी?”

त्याने अर्धा घेतला, मग आणखी अर्धा घेतला. दसऱ्याला साफ करीन, कट्ट्यावर बसून करीन, हेही कबूल केले. मी मनातल्या मनात प्रश्नावर ‘सिद्ध झाले’ असे लिहिले. उदयसिंह गेल्यावर आईला विचारले, मग कागद करू? ती म्हणाली, मानूस चांगला हाय. बघू की.

रविवार, १४ सप्टेंबर

आजची अडचण पितृपक्षाची. मी आईला आठवण करून दिली की आपण पितृपक्ष पाळत नाही. आबांनी तर शपथच घेतली होती.

“आपन न्हाय पाळत. त्यो पाळतोय की. त्याला कशाला अडचन?”

दुसऱ्याच्या श्रद्धेचा हा आदर मला मनापासून आवडला. नंतर उदयसिंहाला विचारले, तर तो म्हणाला की त्याला काही अडचण नाही, उद्याही चालेल. हे आईला सांगितले. ती म्हणाली, तरनी पोरं आसंच म्हंत्यात, त्याच्या आईला बरं वाटनार न्हाय. आणि मग एकदम: दसऱ्याला एकदा साफ करून दे. घान वस्तू दुसऱ्याच्या हातात देऊ नये. ह्येंच्यानंतर पयलाच दसरा हाय. तू कर.

बंदूक कशी साफ करतात ते मला पुस्तकातून आता पुष्कळ ठाऊक झाले आहे. तयार झालो.

आज येताना पावसात पुरता भिजलो. घसा धरला आहे. क्लासचे तास मागे पडले आहेत, दोन पालक बोलून गेले. एकंदरीत या दुनळीने, एकही गोळी न सुटता, माझी बरीच हानी केली आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर

अशोक विजयादशमी. अंगात कसकस होती, पण गेलो. बंदूक घरी आणता येत नाही. म्हणून सयाजींना आधीच विचारून ठाण्याच्या व्हरांड्यात साफ करण्याची परवानगी काढली होती. विहारातून मी आणि आई तसेच पांढऱ्या कपड्यांत ठाण्यात गेलो. पोते आईने घरून आणले होते.

काल खंडे नवमी. ठाण्यातल्या सगळ्या शस्त्रांची पूजा झालेली, बंदुका रांगेत, झेंडूच्या माळा, दाराला तोरण. आणि त्या रांगेच्या टोकाला आबांची दुनळी. दोन्ही नळ्यांना हळदीची बोटे, दस्त्यावर कुंकू, चापाजवळ फुले, आणि सगळ्यावर पाणी शिंपडलेले.

सयाजी कौतुकाने म्हणाले, “समद्यांची केली, तवा सुभेदारांचीच कशी ठेवायची? त्यास्नी पन मान दिला.”

तीस वर्षे ज्या माणसाने या बंदुकीला हळदीचे बोट लागू दिले नाही, त्याच्या मागे पहिल्याच वर्षी हे! मला काय वाटावे तेच ठरेना. सयाजींचा हेतू शुद्ध होता. आबांचा नकार त्याहून शुद्ध होता. आणि लोखंडावर हळदीचे पाणी रात्रभर राहिले होते, हा तिसरा आणि तातडीचा प्रश्न होता. मी आईकडे भीतभीत पाहिले.

आई हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. आबा गेल्यापासून तिला हसताना मी पाहिले नव्हते.

“हवालदार,” ती म्हणाली, “ह्येंनी जल्मभर हळद लागू दिली न्हाय, तुमी एका दिसात लगीन लावलंसा की.”

सयाजींना आपली चूक कळली, ते कान धरू लागले. आईने त्यांना हात धरून बसवले. मग मी पोत्यावर बसलो. बंदूक सुटी केली, नळीत ठासणीने फडके घातले. गंज म्हणजे काय, लोखंड, पाणी आणि हवा यांचा तो कसा संयोग आहे, हे मी काम करता करता दोघांना सांगत होतो. ताप चढत असावा, कारण फडके नळीत अडकले आणि मला ते ओढता येईना. सयाजींनी ओढून काढले. मी गंजाचा मुद्दा पुढे नेला.

आईने मधेच माझ्या कपाळाला हात लावला. तो तिने लगेच काढला नाही.

“किती रविवार येतोयस रं तू,” ती म्हणाली. “लई दमलास.” आणि मग, अगदी सहज: “दिऊन टाक उदयसिंहाला. ह्याच आठवड्यात दे.”

इतक्या महिन्यांनी निर्णय! मला वाटते, गंजाचे स्पष्टीकरण तिला पटले. शास्त्रीय कारण सोप्या भाषेत मांडले की माणूस ऐकतोच.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

व्यवहार पूर्ण. रजा काढून गेलो. कागदांवर आईची सही लागणार होती. प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही ती सावकाश, प्रत्येक अक्षराला थांबत करते. आज तिने ती एकदाही न थांबता केली. उदयसिंहाने बंदूक दोन्ही हातांवर घेतली आणि तो आईच्या पाया पडला. तिने “बरं” एवढेच म्हटले.

निघताना नेहमीप्रमाणे ‘पुढल्या रविवारी’ असे काही ऐकू येईल म्हणून स्कूटर चालू करून क्षणभर थांबलो. ती म्हणाली, “जा आता. औषध घे.”

रविवार, १२ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी मोकळा रविवार. चाचणीचे पेपर तपासले. दोन चुकीच्या उत्तरांना पूर्ण गुण देऊन बसलो.

मीनाने विचारले, आज गावी नाही? काम संपले, असे सांगितले.

“कुणाचं?”

मी तिला विक्रीची प्रक्रिया, नोंदीतला बदल आणि आता आपली कोणतीही जबाबदारी कशी उरलेली नाही, हे समजावून सांगितले. तिने नेहमीप्रमाणे मधे तोडले नाही, शेवटपर्यंत ऐकले.

“बंदूक उदयसिंहाकडं गेली,” ती म्हणाली. “आई कुणाकडं गेल्या?”

उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. मग मिटले. वीस वर्षे शिकवतो आहे. वर्गात असे कधी झाले नव्हते.

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी निघालो. वाटेत तीन कारणे तयार केली: दिवाळीचा बाजार, विजेचे बिल, आणि कौले उतरली आहेत का ते पाहणे. तिन्ही सबळ होती. कौलांना तर दोन पोटमुद्दे होते.

आई कट्ट्यावर भुईमुगाच्या वेलांचा ढीग घेऊन शेंगा तोडत बसली होती. स्कूटरचा आवाज ऐकून तिने वर पाहिले, पण उठली नाही.

“काय काम काढलंस?”

पहिले कारण जिभेवर आले होते. “काही नाही,” मी म्हणालो.

तिने पोते सरकवून जागा केली. मी बसलो. शेंगा तोडण्याची योग्य पद्धत मला ठाऊक नाही आणि मी ती विचारलीही नाही. वेल मी उलटे धरत होतो, आई ते माझ्या हातातून घेऊन सुलटे करून परत देत होती. चहा मी केला, तो जरा पांचट झाला, तिने तो दोन वेळा घेतला.

दुपारी तानाबाई रस्त्याने जाताना थांबल्या. बंदुकीचं काय झालं म्हणून विचारले. ते मिटलं, आई म्हणाली.

“मग आता ह्यो कशाला आलाय?”

“आलाय,” आई म्हणाली, आणि शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली.